मागणी मेगावॅटची, अंधार वस्तीचा

वीज धोरणाचे अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा हिशेब जनतेने मागितला पाहिजे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सतराव्या सर्वेक्षणाने २०११-१२ साठी देशाची कमाल मागणी सुमारे १ लाख ५३ हजार मेगावॅट धरली. ती १ लाख ३० हजारांवरच राहिली. अठराव्या सर्वेक्षणाने २०१६-१७ साठी जवळपास २ लाख सांगितली. निघाली सुमारे १ लाख ६० हजार. २०२१-२२ चा अंदाज २ लाख ८३ हजार, प्रत्यक्ष २ लाख ३ हजार. तिन्ही अंदाज फुगलेले!

अशा अंदाजांवर करार होतात आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प महाराष्ट्र विसरलेला नाही. जागतिक बँकेने १९९३ मध्येच त्याला कर्ज नाकारले होते. तरीही करार झाला, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि भुर्दंड जनतेच्या माथी आला.

मग एवढ्या मागणीत आपली माणसे होती काय? '२०१२ पर्यंत सर्वांना वीज' ही सरकारची घोषणा होती. २०११ च्या जनगणनेत विजेचा दिवा असलेली घरे ६७ टक्के, अनुसूचित जातींची अवघी ५९ टक्के आणि ग्रामीण भागातील ५५ टक्के होती. १० टक्के घरांत वीज असली की गाव विद्युतीकृत, ही सरकारी व्याख्या. २००४ च्या या व्याख्येत दलित वस्तीपर्यंत तारा नेण्याची अट घालावी लागली, यातच सारे आले. ज्याच्या घरी जोडणी नाही, त्याची गरज 'मागणी' म्हणून कुठेच नोंदली जात नाही. कागदावर वीज जास्त आणि वस्तीत अंधार, हे दोन्ही एकाच वेळी खरे असते ते यामुळेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज खाते त्यांच्याकडे होते. वीज मुबलक आणि स्वस्त हवी, तिच्या बळावर उद्योग वाढून दारिद्र्य हटले पाहिजे, ही त्यांची १९४३ मधील भूमिका होती. त्यांच्या हिशेबात केंद्रस्थानी माणूस होता.

आज घरोघरी जोडणी दिल्याचा दावा होतो. परंतु तार आली म्हणजे वीज आली असे नव्हे. बिल थकले की तीच तार तोडली जाते. म्हणून पुढचा प्रत्येक अंदाज जाहीर होताना मागचा किती चुकला आणि त्याचे पैसे कोणी भरले, हे सरकारने सांगावे. वस्तीवस्तीतून हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.