पाच मिनिटांचे पाचशे रुपये

कोल्हापुरात जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की मदतीला माणसं कमी पडत नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत पाच निदानं फुकट मिळतात. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो सेल्फ गेला. तिसरा प्लग साफ करायला सांगतो, चौथा धक्का मारायला बाह्या सरसावून तयार, आणि पाचवा म्हणतो, "विकून टाका की आता!" यातल्या एकानेही किल्ली फिरवून कान देऊन ऐकलेलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी गाडी चालू होत नाही तेव्हा बिघाडापेक्षा अंदाज महाग पडतो. आणि अंदाजाने पार्ट बदलायची सवय मेस्त्री लोकांना आपण गिऱ्हाइकांनीच लावली आहे.

जुनी गाडी म्हणजे मी कार्बोरेटरवाल्या गाड्यांबद्दल बोलतोय. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, किंवा डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ची आधीची मॉडेल्स. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबलं. पण आपल्याकडे अजून कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या वाड्यात अशा गाड्या आहेत. रविवारी पुसायच्या, रंकाळ्यापर्यंत एक चक्कर मारायची, परत झाकून ठेवायच्या. या गाड्यांत एरर कोड सांगणारा कॉम्प्युटर नाही. पण त्याची फारशी गरजही नाही, कारण जवळजवळ सगळंच डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, नाहीतर हाताला लागतं.

पहिला प्रश्न एकच: किल्ली मारल्यावर इंजिन फिरतं की नाही? फिरत नसेल तर पेट्रोल, प्लग, कार्बोरेटर सगळं आत्ता विसरा. भानगड बॅटरी, वायर आणि सेल्फ एवढ्यातच आहे. फिरतंय पण पेट घेत नसेल तर बॅटरीला हात लावायचं सहसा कारण नाही. एका प्रश्नात निम्मी गाडी संशयातून बाद! आमच्या धंद्यात याला बायनरी सर्च म्हणतात आणि इंटरव्ह्यूत विचारतात.

आता एक लाडका गैरसमज. "हॉर्न वाजतोय की, म्हणजे बॅटरीचं कनेक्शन ठीक आहे." ढोबळ हिशेब करून बघू. हॉर्न घेतो साधारण ५ अँपिअर, सेल्फ घेतो १०० च्या आसपास. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचून समजा फक्त ०.०५ ओहमचा अडथळा तयार झाला. हॉर्नच्या वेळी तिथे पाव व्होल्ट खाल्ला जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. पण सेल्फने १०० अँपिअर मागितले तर तोच अडथळा ५ व्होल्ट गिळतो. भरलेल्या बॅटरीच्या १२.६ व्होल्टपैकी साडेसात उरले. एवढ्यात सेल्फ काय फिरणार? नुसतं "टक्" म्हणणार. म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, आणि गाडी मात्र बंद. औषध काय, तर गरम पाणी, तारेचा ब्रश आणि पान्याचा अर्धा फेरा.

आमच्या मामांच्या पद्मिनीला अगदी हेच झालं होतं. एका गॅरेजमध्ये आधी नवीन बॅटरी बसवली, मग सेल्फ उतरवून दुरुस्त केला. सात हजार गेले, चार दिवसांनी परत "टक्". मग उद्यमनगरातले एक म्हातारे मेस्त्री आले. त्यांनी मला तीन-चारदा सेल्फ मारायला लावला आणि इंजिनकडून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवर बोट ठेवलं. "बाळ, हितं हात लाव बघू. भाजतंय न्हवं? मग बॅटरीला कशाला शिव्या घालताय?" जिथे अडथळा, तिथे उष्णता. पट्टी सोडली, पॉलिश पेपरने घासली, आवळली. पाच मिनिटं. "किती द्यायचे?" तर म्हणाले, "द्या काय असंल ते." मामांनी चहा पाजला आणि पन्नासची नोट दिली.

ही पन्नासची नोट मला अजून खुपते. गॅरेजला सात हजार देताना घासाघीस नव्हती, कारण बदल्यात वस्तू दिसत होती. ज्याने खरा बिघाड शोधला त्याला पन्नास, कारण त्याने "काही घातलंच नाही"! यातून मेस्त्रीने काय शिकायचं? शोधण्यात पैसा नाही, पार्ट विकण्यात आहे. आणि हे आम्ही, जे एका चुकलेल्या स्वल्पविरामाचा शोध घेतल्याबद्दल तासावर बिल लावतो!

दुसऱ्या प्रकारातही, म्हणजे इंजिन फिरतं पण पेट घेत नाही तेव्हा, क्रम तोच. करंट येतोय का, पेट्रोल येतंय का? जुलैच्या झडीत डेल्कोच्या टोपीत ओल धरते. सकाळी रुसलेली गाडी दुपारी उन्हात चालू झाली की संशय तिथेच जावा. कोरड्या फडक्याने भागतं. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून, हाताने अॅक्सिलरेटर ओढला की कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. नसेल तर मागे जात जात ए.सी. पंप, पाइप, टाकी. (करंट तपासताना सांडलेलं पेट्रोल जवळपास नको, हे सांगायला नकोच.)

इथे एक नवा संशयितही आलाय. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनलेले नाहीत, शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या गाडीत हे आधी बघायला हवं. म्हणजे जुन्या मेस्त्रीलाही नवं शिकावं लागणार, आणि त्याला शिकावंसं वाटेल असं काहीतरी आपण द्यायला हवं.

कुणी म्हणेल, पाच वर्षं जुनी बॅटरी तपासत बसण्यापेक्षा बदललेली बरी. कबूल. पार्ट कधीतरी खरंच मेलेला असतो. पण मेलाय हे दाखवून मग बदला, एवढंच म्हणणं.

मी आता सरळ सांगतो: तपासायचे पाचशे वेगळे देतो, काहीही बदलावं न लागलं तरी. बदलायचं असेल तर कारण दाखवा आणि जुना पार्ट माझ्या हातात द्या. आणि आपलं निदान मेस्त्रीच्या गळ्यात मारत नाही. आवाज कसा येतो, कधी येतो आणि शेवटचं काम काय केलं होतं, एवढंच सांगतो.

मेस्त्रीने पाच मिनिटांत गाडी चालू केली तर "एवढंच होतं होय?" असं म्हणू नका. एवढंच होतं, हे शोधण्याचेच ते पैसे आहेत.