गावाला जोडले, वस्तीचे काय?

अमुक इतकी गावे ब्रॉडबँडने जोडली, असे सरकार सांगते. आपला प्रश्न साधा आहे : गाव म्हणजे कोण?

२००२ साली सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून त्यासाठी ५ टक्के आकारणी ठरली. हा पैसा शेवटी ग्राहकाच्याच खिशातून येतो. त्यात मजुराच्या रिचार्जचा रुपयाही असतो. या निधीच्या मदतीने ग्रामीण भागात ८,८८,८३२ ब्रॉडबँड जोडण्या देण्याचा करार जानेवारी २००९ मध्ये बीएसएनएलशी झाला. मुदत पाच वर्षांची. जोडण्या टेलिफोनच्या तारेवरूनच द्यायच्या होत्या.

मेख इथेच होती. ज्याच्या घरी टेलिफोनची तार, त्यालाच ब्रॉडबँड. खेड्यात अशी तार कुणाच्या घरी होती, हे वाचकांना सांगायला नको. शिवाय तांब्याच्या तारेतला सिग्नल अंतराबरोबर क्षीण होतो. एक्स्चेंजजवळ वेग चांगला. चार-पाच किलोमीटरच्या पुढे बोलणे होते, पण इंटरनेट चालत नाही. अंतराचा नियम विज्ञानाचा आहे. पण वस्ती गावाबाहेर, पाडा डोंगराकडेला, हा नियम विज्ञानाने केलेला नाही. जातीने आखलेल्या नकाशावरून तार टाकली की तीही जातीच्याच वाटेने जाते. यावर उपाय नव्हता असे नाही. एक्स्चेंजमधले यंत्र छोट्या पेटीत बसवून वस्तीजवळ आणता येते. पण मोजायच्या होत्या जोडण्या. त्या कुणाच्या घरात गेल्या, हे नव्हे.

आता तांब्याची जागा फायबर घेत आहे. भारतनेटची केबल ग्रामपंचायतीपर्यंत आणायचे ठरले आणि २०२३ मध्ये केंद्राने या योजनेच्या पुढच्या टप्प्यासाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर केले. पण पंचायतीपासून वस्तीपर्यंतचे अंतर जुनेच आहे. दरम्यान शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन झाला आणि आरटीईचा प्रवेशही. ज्या मुलांसाठी या सवलती आहेत, त्यांनाच अर्जासाठी गावात किंवा तालुक्याला जाऊन पैसे मोजावे लागत असतील, तर हक्काची वाट पुन्हा दुसऱ्याच्या दारातून जाते.

बाबासाहेबांनी १९४८ साली संविधान सभेत खेड्याच्या गौरवाला सडेतोड विरोध केला, तो यासाठीच. गावाच्या नावाने दिलेले वस्तीला आपोआप मिळत नाही. म्हणून ग्रामसभेत मागणी करा : जोडण्यांचा हिशेब वस्तीनिहाय द्या आणि पहिली जोडणी वस्तीतल्या समाजमंदिराला, अंगणवाडीला द्या. नुसत्या गावाच्या आकड्यावर आता समाधान मानू नका.