परदेशी मुलांशी ऑनलाइन गप्पा मारून भाषा शिकायची, पण गप्पा लगेच का थांबतात?

दोन देशांतले वर्ग इंटरनेटवर जोडायचे आणि मुलांनी एकमेकांशी बोलत भाषा शिकायची. ही कल्पना नवी नाही. युरोपियन कमिशनचा 'ई-ट्विनिंग' उपक्रम २००५ पासून शाळांना असं जोडतो आहे.

घोडं कुठे अडतं?

'तुझं नाव काय, छंद काय, घरी कोण कोण?' एवढं विचारून झालं की पुढे बोलायचं काय? अनेकदा दोष मुलांच्या आळसाला दिला जातो. पण त्यांना दिलेलं कामच दोन मेसेजमध्ये संपणारं असतं.

'कल्चुरा'ने काय वेगळं केलं?

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९९७ मध्ये जिल्बेर्त फर्स्टनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 'कल्चुरा' प्रकल्प सुरू केला. अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली दिली जायची. अमुक शब्द ऐकला की काय आठवतं? अमुक प्रसंगी तुम्ही काय कराल? मग दोन्हीकडची उत्तरं शेजारी शेजारी मांडली जायची.

'व्यक्तिवाद' या शब्दावर अमेरिकन मुलांना स्वातंत्र्य आठवलं, तर फ्रेंच मुलांना स्वार्थीपणा. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ दिसले की 'असं का?' हा प्रश्न आपसूकच येतो. तो शिक्षकांना पढवावा लागत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे मुलं आपापल्या भाषेतच लिहायची. त्यामुळे मनातलं पुरतं मांडता यायचं आणि समोरच्यांना खरीखुरी, रोजच्या वापरातली भाषा वाचायला मिळायची.

मग काम कसं असावं?

रॉबर्ट ओ'डाउड आणि पेज वेअर या अभ्यासकांनी २००९ मध्ये अशा कामांचे तीन गट सांगितले: माहितीची देवाणघेवाण, तुलना आणि मिळून काहीतरी तयार करणं. तिसरं सगळ्यात अवघड. कारण तिथे पटवून द्यावं लागतं, माघार घ्यावी लागते आणि एका मजकुरावर एकमत करावं लागतं. पण भाषेचा खरा कस लागतो तो तिथेच.

एआय आल्यावर काय बदललं?

'माझा देश' या विषयावर दहा ओळी आता चॅटबॉट क्षणात लिहून देतो. पण समोरच्या वर्गातल्या मुलीने 'स्वार्थीपणा' असं का लिहिलं, हे तिलाच विचारावं लागतं.

म्हणून काम देण्याआधी शिक्षकांनी एक प्रश्न विचारावा: हे काम एकट्याने बसून पूर्ण करता येईल का? उत्तर 'हो' असेल, तर जोडीदाराची गरजच नाही. मग मुलं तरी कशाला बोलतील?