कादंबरी आणि वाचकाची साक्ष

सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात एखाद्या कादंबरीच्या आयुष्याची जी नोंद राहते, ती पाहिली म्हणजे आपल्या वाङ्मयव्यवहारातील एक मोठी उणीव सहज ध्यानी येते. पुस्तक कोणत्या तारखेस दाखल झाले, कोणत्या सभासदाने ते कधी नेले, मुदतीत परत केले की विलंबशुल्क भरले, हा सारा तपशील तेथे चोख असतो. परंतु ज्या सभासदाने ती कादंबरी रात्र जागून वाचली, किंवा कंटाळून अर्ध्यावर मिटली, त्याला तिच्याविषयी काय वाटले याचा एक शब्दही कोणत्या वहीत आढळत नाही. मग तो वाचक पेन्सिलीचा आश्रय घेतो. वाचनालयातील जुन्या प्रती उघडाव्यात, तर समासात ‘अगदी खरे’, ‘हे पटत नाही’ असे शेरे दिसतात, आणि क्वचित त्यांच्याच खाली दुसऱ्या हस्ताक्षरात पहिल्याचे खंडनही दिसते. पुस्तकावर लिहिणे हा नियमाप्रमाणे अपराध आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु ज्यांना बोलायचे आहे त्यांना आपण दुसरी जागाच ठेवली नाही, ही वस्तुस्थिती ते शेरे निःसंदिग्धपणे सांगतात.

नुकत्याच वाचलेल्या कादंबरीविषयी सामान्य वाचकाने आपले मत सांगावे, ते कारणांसह सांगावे, आणि ते टिकून राहील अशी तजवीज वाचनालयांनी करावी, एवढेच मला येथे मांडायचे आहे. यावर पहिला आक्षेप अधिकाराचा येतो. साहित्याचे मूल्यमापन हे समीक्षकाचे क्षेत्र असून, व्यासंगावाचून केलेला अभिप्राय हा केवळ आवडीनिवडीचा उच्चार होय, असे पुष्कळांचे मत आहे. या मतातला अर्धा भाग मला मान्य आहे. कादंबरीला परंपरेत तिचे स्थान देणे, तिच्या घाटाची चिकित्सा करणे, ही कामे व्यासंगाचीच आहेत. परंतु कादंबरी हा वाङ्मयप्रकार ज्या जीवनाचे चित्रण करतो, ते जीवन प्रत्यक्ष जगलेली माणसे तिच्या वाचकांत असतात, आणि ते चित्रण कोठे उतरले व कोठे निसटले याची साक्ष त्यांच्याइतकी दुसरे कोणी देऊ शकत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त मुले मेंढरांमागे जातात म्हणून शाळा ओस असते, आणि तरुण मास्तरला आधी गावाचा विश्वास मिळवावा लागतो. ज्या शिक्षकाने स्वतः एकशिक्षकी शाळेत पट भरण्यासाठी घरोघर पायपीट केली आहे, तो या प्रसंगाविषयी जे बोलेल, त्याला समीक्षेच्या परिभाषेचा टेकू लागत नाही.

सातारा-सांगली भागातील एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दरमहा भरणाऱ्या बैठकीत विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’वर झालेली चर्चा मी ऐकली आहे. 1991 साली प्रसिद्ध झालेली आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेली ही कादंबरी धरणाने उठवलेल्या जांभळी गावाची आणि खैरमोडे गुरुजींची कथा सांगते. बैठकीस आलेले एक गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांनी मोठ्या गांभीर्याने तक्रार मांडली की, लेखकाने सरकारी माणूस एकतर्फी रंगवला आहे. आपण स्वतः आणि आपल्यासारखे अनेक जण रात्र-रात्र बसून सातबाराचे उतारे तपासत होतो, खातेदाराचे नुकसान होऊ नये म्हणून पंचनामे दुरुस्त करून घेत होतो, आणि त्याची दखल या एवढ्या मोठ्या पुस्तकात कोठेच नाही. त्यावर, ज्यांचे गाव कोयनेच्या पाण्याखाली गेले असे एक वृद्ध शेतकरी बोलले. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल माझे काही म्हणणे नाही, साहेब, असे म्हणून त्यांनी पुस्तकातले आपण खूण घातलेले पान काढले आणि सांगितले की, कागद कोणाच्या टेबलावर आहे हे विचारायला जाण्यात माणसाचे आयुष्य कसे सरते ते या पानावर जसे आहे तसेच आमच्या घरी घडले. कागद अडवणारा मनाने चांगला होता की वाईट, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही, कारण आमची गाठ फक्त खिडकीशी पडत होती. दोघेही आपापल्या मतावर ठाम राहिले. कारकुनांचा आक्षेप मला निराधार वाटत नाही, पण कादंबरीचा न्याय शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, असे माझे स्वतःचे मत आहे. ते दोन जबाब मात्र त्याच संध्याकाळी हवेत विरले, कारण ते टिपून घ्यावेत असे कोणालाच सुचले नाही.

वाचकाचे मत हा कादंबरीच्या जीवनक्रमाचाच भाग आहे, ही जाणीव आपल्याकडे एके काळी अधिक जागी होती. हरी नारायण आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. तिची नायिका यमू हिची कहाणी वाचकांपर्यंत हप्त्याहप्त्याने पोचत होती, आणि दोन हप्त्यांमधील दिवस वाचकाला विचार करण्यास व बोलण्यास मोकळे होते. पुस्तकरूपाने अखंड वाचण्यात जे सुख आहे ते यात नव्हते. परंतु एका विधवेच्या आयुष्याविषयी घराघरातून विचार करण्यास भाग पाडण्याचे जे सामर्थ्य त्या पद्धतीत होते, ते आजच्या वाचनव्यवहारात आपण गमावले आहे.

मात्र वाचकाच्या मताचे गुणगान करताना त्याचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. 1933 साली विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आणि पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा, शिकलेल्या स्त्रीच्या मनातील व्यथेचा विचार करण्याऐवजी, या नावाआड कोण आहे याचा शोध घेण्यात आणि लेखिकेच्या शीलावर टीका करण्यात पुष्कळांनी आपली शक्ती खर्च केली. लेखकाची जात, गाव, पक्ष पाहून पुस्तक वाचण्यापूर्वीच त्याचा निकाल लावण्याची खोड त्याच जातीची, आणि ती अद्याप गेलेली नाही. दुसरा दोष ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत दिसतो. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने 1962 पासून मराठी मनात माधवराव पेशव्यांची जी प्रतिमा रुजवली, ती ललित वाङ्मयाची मोठी कमाई आहे, परंतु त्यातील संवाद हा जणू पेशवे दफ्तरातला कागद आहे असे समजून वाद घालणारा वाचक कादंबरीवरही अन्याय करतो आणि इतिहासावरही. तिसरा दोष साधा आहे. कथानक सांगणे म्हणजे अभिप्राय देणे, असा गैरसमज. ‘सर्वांनी अवश्य वाचावी’ या ठराविक वाक्यावर जे मत संपते, ते ऐकून पुढच्या वाचकाच्या हाती काहीच पडत नाही.

उपयुक्त मत कसे असते, ते विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’विषयी सांगता येईल. ही छोटी कादंबरी 1939 सालची, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षीची. जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना घेऊन जाणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा यांची भेट होते. चक्रधर मुंबईत उतरतो आणि हॅर्टाला पुढे जावे लागते. चक्रधर भ्याड होता काय, हा प्रश्न कादंबरीच्या वाचकांत पिढ्यानपिढ्या विचारला जातो. कोणी म्हणतो, तो भ्याडच. कोणी म्हणतो, उमा या पूर्वीच्या प्रेयसीने केलेल्या वंचनेमुळे त्याचे मन स्त्रीविषयी कडवट झाले होते, आणि त्या कडवटपणातून बाहेर यायला बोटीवरचे थोडे दिवस पुरेसे नव्हते. यांपैकी कोणतेही मत घ्यावे, पण ते देताना वाचकाला पुस्तकाकडे परत जावे लागते, एखादा संवाद पुन्हा तपासावा लागतो, आणि त्या शोधात स्वतःच्या मनाचीही झडती घ्यावी लागते. मत बनते ते तेव्हा.

अशा मतासाठी आपल्याकडे आधार नाही असे नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 सालचे. आणि 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने या साऱ्या जाळ्याला शासकीय अनुदानाचा पाया दिला. ‘ग्रंथाली’ने 1974 पासून आपल्या कार्याला वाचक चळवळ असेच नाव दिले, आणि ‘ललित’ मासिकाने चोखंदळ वाचकांची निवड प्रतिष्ठेची केली. परंतु वाचनालयाचा अ, ब, क, ड असा दर्जा ठरवताना ग्रंथसंख्या, नियतकालिके व सभासद यांची मोजदाद होते. त्या सभासदांनी वाचलेल्या पुस्तकांविषयी काय विचार केला, याला त्या तपासणीत रकाना नाही. तो असावा असे मला निश्चितपणे वाटते. नियम बदलण्यास वेळ लागेल, हेही उघड आहे. तोवर वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी दोन गोष्टी स्वतःच्या अखत्यारात कराव्यात: देवघेवीच्या टेबलावर एक जाडजूड अभिप्रायवही ठेवावी, आणि महिन्यातून एका संध्याकाळी एकाच कादंबरीवर सभासदांची बैठक भरवून तिचे टिपण त्या वहीत उतरवावे. बैठकीस वक्ता बोलावू नये. वक्ता आला की श्रोते गप्प बसतात, आणि दुपारच्या वेळी येऊन महिन्याला चार कादंबऱ्या नेणाऱ्या ज्या गृहिणींचे मत सर्वांत मोलाचे ठरावे, त्या तर मागच्या रांगेतून उठूनच जातात. त्यांना नावाने बोलवावे, आणि पहिला शब्द त्यांना द्यावा.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी वाचून झालेली कादंबरी परत करण्यास जाल, तेव्हा ती टेबलावर ठेवून लगेच वळू नका. कोणत्या पानावर आपण थांबलो, ते का, कोणते पात्र पटले नाही आणि आपल्या ओळखीच्या जगात ते वेगळे कसे वागले असते, एवढे चार-सहा ओळींत लिहा. पुस्तकाचे नाव, पृष्ठांक व तारीख घाला, आणि खाली आपली सही करा. वही नसेल, तर ग्रंथपालांकडे ती मागा.