दुसरं आणू

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मावशी, ते समुद्रफूल गेलं गं. रात्री सरकत सरकत पंपात अडकलं. सकाळी उठून बघतो तर पाणी दुधासारखं."

मी विचारलं, "आणि मासे?"

"दोघंही ठीक आहेत. पाणी बदललं लगेच. आता रविवारी दुसरं आणू."

फोन ठेवला, पण ते 'दुसरं आणू' काही डोक्यातून जाईना. म्हणून आज हे लिहायला बसले. भाचा हे वाचणार आहे. रागावला तर रागावू दे, दिवाळीपर्यंत निवळेल.

ज्यांनी त्याचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. निळा दिवा, लाटा काढणारे पंप, पाणी थंड ठेवणारं यंत्र. सगळं मिळून खर्च एका स्कूटरचा. आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊनफिश, म्हणजे मुलांचा 'नेमो', आणि मधोमध झुलणारं समुद्रफूल. आल्या-गेल्याला सोफ्यावर बसवून तो सांगतो, "हे बघा सहजीवन! दोघं एकमेकांना सांभाळतात." त्याची मुलगी तर ते पाठ म्हणून दाखवते.

तेव्हा मी गप्प बसले, कारण पाहुण्याने यजमानाच्या टाकीला नावं ठेवू नयेत. आता बोलते.

समुद्रात हे सहजीवन खरंच आहे, आणि विलक्षण आहे. समुद्रफूल नावाला फूल. ते आहे प्राणी, प्रवाळ आणि जेलीफिशच्या गोतातला. त्याच्या शुंडकांवर दंशपेशी असतात, दुसरा छोटा मासा शिवला तर संपला. क्लाऊनफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर मात्र असा असतो की त्या पेशी सुटतच नाहीत. म्हणून तो तिथे बिनघोर राहतो, अंडीही त्याच्याच पायथ्याशी घालतो, आणि ती राखतो नर. बदल्यात समुद्रफुलाचे लचके तोडायला येणाऱ्या माशांना तो हाकलतो. त्याच्या विष्ठेतून समुद्रफुलाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला खत मिळतं, आणि ते शैवाल उन्हात अन्न तयार करून समुद्रफुलाला पोसतं. म्हणजे संसार दोघांचा नाही, तिघांचा. (आणखी एक गंमत. हे मासे जन्मतात सगळे नर. घरातली मादी गेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. सिनेमातल्या नेमोच्या वडिलांचं पुढे काय व्हायला हवं होतं ते तुम्हीच ठरवा.)

आता टाकीत यातलं काय उरतं? माशाला खायला टपलेलं कुणी नाही, समुद्रफुलाचे लचके तोडणारं कुणी नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी ही सोयरीक जुळली ती भीतीच नाही. समुद्रात क्लाऊनफिशला समुद्रफुलावाचून जगणं जवळजवळ अशक्य. टाकीत तो त्याच्यावाचून मजेत राहतो. पंपाच्या आडोशाला घर करतो, एखाद्या मऊ प्रवाळाला बिलगतो, नाहीतर कोपऱ्यातच झोपतो. हे मासे आता माणसाच्या हाताखाली जन्मतात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपमला त्यांची पैदास यशस्वी केलेली आहे. तेव्हा माशाबद्दल माझी तक्रार फारशी नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्याबद्दल, ज्याचं नाव कुणी घेत नाही. समुद्रफुलाला कडक उजेड हवा, वाहतं पाणी हवं, क्षार आणि तापमान स्थिर हवं. टाकी नवी असेल तर ते तग धरत नाही. जाणकार म्हणतात, निदान सहा महिने ते वर्षभर टाकी मुरू द्यावी. भाच्याने ते टाकी लावल्यापासून पाचव्या आठवड्यात आणलं. जागा पसंत पडली नाही की ते चालायला लागतं आणि पंपात सापडतं. आतलं शैवाल गेलं की पांढरं पडतं, आणि हे उपाशी, पांढरं पडलेलं समुद्रफूल दुकानात 'दुर्मीळ पांढरं' म्हणून जास्त किमतीला विकलं जातं. कधी कधी तर रंगवूनही. जीव लहान असेल तर त्यात दिवसरात्र लोळणाऱ्या माशांचाच त्याला जाच होतो. मग मित्र कुठला आणि सहजीवन कुठलं!

न्यायाची गोष्ट सांगायची तर सगळ्यांच्या टाकीत ते मरतं असं नाही. काही अनुभवी लोकांकडे वर्षानुवर्षं राहतं, एक-दोन जाती टाकीतच दुभंगून वाढतात आणि अशी पिल्लं एकमेकांना दिली जातात. भाच्याला मी विचारलं, तुझं कुठून आलं होतं? म्हणाला, "दुकानातून." दुकानात कुठून आलं? "ते नाही विचारलं गं."

तेच तर म्हणते मी. चार आण्याची मेथी घेताना जुडी उलटून बघणारी आपण माणसं!

आणि हे मरायला टेकलेलं म्हातारं नव्हतं. नीट ठेवलं तर समुद्रफूल किती जगतं? स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली खडकावरून एक साधंसं समुद्रफूल आणून बरणीत ठेवलं. ते मालकाच्या मागे राहिलं, एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, त्याला लोक 'ग्रॅनी' म्हणू लागले आणि ते १८८७ साली गेलं. एकोणसाठ वर्षं! शेकडो पिल्लं दिली त्या आजीबाईंनी. आमचं पाचव्या आठवड्यात आलं आणि तिसऱ्या महिन्यात गेलं.

पण त्याच इंग्रजांच्या देशात दुसरंही घडलं. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५४ साली मत्स्यालयावर पुस्तक लिहिलं आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड लागलं. लोक बादल्या घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरले आणि खडकांतल्या डबक्यांची रया गेली. पुढे त्याच्या मुलाने आत्मचरित्रात याची खंत लिहून ठेवली आहे. माणसं वाईट नव्हती हो. त्यांना समुद्र आवडत होता, एवढंच.

हे मी कुठल्या तोंडाने सांगते आहे, तेही सांगायला हवं. मी बी.ए. मराठीची, पण लहान शाळेत सामान्य विज्ञानही माझ्याच गळ्यात असे. एका वर्षी मुलांना घेऊन इथे रत्नागिरीत किल्ल्याखालच्या खडकांवर गेले होते, ओहोटीला. डबक्यात हिरवट तपकिरी समुद्रफुलं होती. बोट लावलं की मिटायची, मुलं ओरडायची. एक चमच्याने सोडवून बरणीत घेतलं, वर्गात खिडकीत ठेवलं. सोडवताना तळ फाटला होता हे आज कळतं. तिसऱ्या दिवशी पाण्याला वास आला. एक मुलगी रडायला लागली. मी तिला काय म्हणाले असेन? "रडू नकोस, दुसरं आणू." आणि आणलं. तेही गेलं. फळ्यावर मात्र मी 'सहजीवन' लिहिलं होतं, आणि परीक्षेत दोन गुणांना विचारलंही.

ती मुलगी आता पन्नाशीची असेल. तिला काय आठवत असेल, व्याख्या की वास?

म्हणून भाच्या, मुलांना शिकायला मिळतं हे मला सांगू नकोस. सिनेमात २००३ साली तो नेमो दातांच्या डॉक्टरच्या टाकीतून सुटावा म्हणून आपल्या घरातली पोरं श्वास रोखून बसली होती, आणि सिनेमा संपल्यावर त्यांनी मागितली काय, तर टाकी! मासे आहेत ते ठेव, नीट सांभाळ, वीस वर्षंही जगतील. फक्त रविवारी दुकानात जाऊ नकोस.

लेकीला घेऊन दिवाळीला इकडे ये. झाडगावच्या मत्स्यालयात नेईन, देवमाशाचा सांगाडा दाखवीन. आणि भाऊबीजेला सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी आहे (तिथीची पाऊणपट करून भरती काढायची, त्यात सहा तास मिळवायचे; हे माझ्या वडिलांनी शिकवलं). किल्ल्याखाली उतरायला मला आता हात लागतो, तेवढा तुझ्या मुलीने द्यावा. नेमो तिथे नाही, हे तिला आधीच सांगून ठेव. आणि पायात रबरी चपला हव्यात, कालवं फार कापतात.