आधी वजन, मग गादी

ब्रिटनमध्ये मोटारसायकलमागे छोटा ट्रेलर जोडून भटकणारी हौशी जोडपी आहेत. मुक्कामी पोचले, ट्रेलरची घडी उलगडली, की तंबू आणि आत जमिनीपासून उंचावर बिछाना तयार! साहजिकच खरेदीला गेलेली मंडळी आधी गादी चेपून पाहतात. आमच्या मते आधी पाहावा तो वजनाचा आकडा.

तिथला कायदा म्हणतो, सामानासकट ट्रेलर १५० किलो किंवा मोटारसायकलच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांत जे कमी असेल त्याहून जड नको. म्हणजे २१० किलोच्या गाडीला १४० किलो. ट्रेलर रिकामाच ११० किलोचा निघाला, तर स्टोव्ह, पाणी, कपडे, भांडी सारे ३० किलोंत बसवायचे!

आणि प्रश्न केवळ पोलिसांचा नाही. उतारावर ब्रेक दाबला, की मागचे ओझे गाडीला पुढे रेटते. वळणावर मोटारसायकल कलते, दोन चाकांचा ट्रेलर कलत नाही. म्हणून जोड फिरता हवा. जड सामान चाकांच्या मागे भरले, तर ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो. तेव्हा उभे राहता येईल अशा उंच तंबूचा मोह सोडावा. वाकून शिरावे लागले तर लागले. सकाळचा चहा नाहीतरी बाहेर बसूनच प्यायचा असतो.