गरुडाला आधी ऑफिसातून बाहेर सोडा

चाळिशीला आलेला गरुड डोंगरावर जातो. खडकावर आपटून आपटून स्वतःची चोच तोडतो. नवी चोच आली की तिने जुन्या नख्या उपटतो, नख्या आल्या की पिसं उपटतो. दीडशे दिवस हे सोसलं की पुढची तीस वर्षं पुन्हा तरुण! ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली नसेल, तर तुमच्या फोनमध्ये एकही फॅमिली ग्रुप नसणार. सकाळी ती काका पाठवतात, गुलाबाच्या फुलासकट. दुपारी तीच कंपनीच्या टाउनहॉलमध्ये स्लाइडवर येते. फूल जातं, लोगो येतो.

गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटी आहे. पक्ष्याची चोच आणि नख्या आपल्या नखांसारख्या सतत वाढतात आणि वापरून झिजतात. चोच मुळापासून तुटली तर गरुड खाणार कशाने? दीडशे दिवस सोडा, तो काही आठवड्यांत उपाशी मरेल. पिसं तो टप्प्याटप्प्याने बदलतो, म्हणजे उडणं एक दिवसही बंद पडत नाही. आणि वयाचं म्हणाल, तर पायात रिंग घालून सोडलेल्या अमेरिकेतल्या बाल्ड ईगलांमध्ये सर्वाधिक वयाची नोंद ३८ वर्षांची आहे. तो २०१५ साली न्यूयॉर्क राज्यात गाडीची धडक बसून मेला. फॉरवर्डमधला गरुड ज्या वयात डोंगर चढायला लागतो, तिथपर्यंत नोंदीतला सगळ्यात म्हातारा गरुडही पोचला नव्हता.

माझी तक्रार चुकीच्या माहितीपुरती असती, तर दोन लिंका टाकून गप्प बसलो असतो. पण मी गेली सहा वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो आहे आणि या सहा वर्षांत माझ्या लक्षात आलंय, की हे प्राणी ऑफिसात कधीही उगाच येत नाहीत. पगारवाढ थांबली की गरुड येतो. शनिवारी काम सुरू झालं की हरीण येतं. अप्रेझल जवळ आलं की लांडगा येतो. आणि माणसं काढायची असली की डार्विन येतो. आमच्या टीममधले चार जण एका गुरुवारी दुपारी लॅपटॉप जमा करून गेले. पुढच्या सोमवारी उरलेल्यांसाठी बैठक झाली, विषय होता 'अ‍ॅडॅप्ट ऑर पेरिश'. त्या चौघांतल्या एकीने आदल्या तिमाहीत आमचं सगळं पेमेंट मॉड्यूल एकटीने उभं केलं होतं. तिने कुठली चोच तोडायची राहिली होती, ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून म्हणतो, या प्राण्यांची चौकशी झाली पाहिजे. एकेकाला घेऊ.

हरीण आणि सिंह. आफ्रिकेत रोज सकाळी हरीण उठतं, त्याला सगळ्यात वेगवान सिंहापेक्षा जोरात पळायचं असतं; सिंहही उठतो, त्यालाही पळायचं असतं; तेव्हा तुम्ही कुणीही असा, उठा आणि पळा. ऐकायला छान. पण सिंह सकाळी उठून पळत नाही. तो दिवसाचे वीसेक तास लोळत असतो. शिकार बहुतेक अंधारात आणि दबा धरून करतो, कारण त्याला लांब पळणं झेपत नाही. तरीही तीन-चार प्रयत्नांत एखादाच साधतो. आणि थॉम्सन गॅझेल हे हरीण? शिकारी कुत्रे दिसल्यावर ते कित्येकदा सरळ पळत सुटण्याऐवजी चारही पाय ताठ करून जागच्या जागी उंच उड्या मारतं. वेडेपणा वाटतो ना? १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की जी हरणं अशा उड्या जास्त मारतात त्यांच्या मागे कुत्रे कमी लागतात. 'मी धडधाकट आहे, माझ्यामागे दम घालवू नकोस' एवढा निरोप त्या उडीत असतो. म्हणजे जी शर्यत टाळता येते ती दोघेही टाळतात. जंगलात शक्ती ही चलनी नोट आहे, ती उगाच कुणी उधळत नाही. चोवीस तास धावणारा प्राणी फक्त पॉवरपॉइंटमध्ये सापडतो.

हिवाळ्यात उजनीला किंवा जायकवाडीला गेलात, तर पट्टकादंब बघा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलं हे बदक-हंसाच्या कुळातलं पाखरू हिमालय ओलांडून येतं. याच्यावर तर मोटिव्हेशनवाल्यांच्या उड्याच पडतात : उंच उडा, हार मानू नका! २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात या पक्ष्यांच्या हृदयाचे ठोके आणि उंची मोजणारा अभ्यास आला. तो सांगतो, की हे पक्षी उंची गाठून तिथेच टिकून राहत नाहीत. ते जमिनीच्या चढउतारांना धरून उडतात. डोंगर आला की वर, दरी आली की खाली. मिळवलेली उंची सोडून देतात आणि पुन्हा कमावतात. कारण विरळ हवेत पंख मारत राहण्यापेक्षा खाली उतरून पुन्हा चढणं स्वस्त पडतं. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवणारं असतं. ही जिद्द नव्हे. ही असंख्य पिढ्यांची शरीररचना आणि काटकसर आहे. मात्र 'खाली उतरा, दम घ्या, मग चढा' अशी स्लाइड मी अजून पाहिलेली नाही.

आता लांडगा, म्हणजे 'अल्फा'. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने १९४७ साली लांडग्यांच्या वर्चस्वाबद्दल लिहिलं, ते प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरून. डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती कल्पना घेतली आणि ती जगभर पसरली. पुढे मेक यांनी स्वतः एल्समीअर बेटावर कित्येक उन्हाळे रानातल्या लांडग्यांसोबत काढले आणि १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. 'अल्फा' म्हणजे आईबाप. पोरं मोठी झाली की घर सोडतात, जोडीदार शोधतात, स्वतःचं कुटुंब मांडतात. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा, असं ते प्रकाशकाला वर्षानुवर्षं सांगत राहिले. २०२२ साली ते एकदाचं थांबलं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर स्टेजिंगवरचा डेटा कुणीतरी थेट प्रोडक्शनवर ढकलला आणि पन्नास वर्षं रोलबॅक झाला नाही.

पण शेंकेलचे लांडगे खोटं वागत नव्हते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एका कुंपणात कोंडले, बाहेर जायची वाट बंद केली, की ते एकमेकांवर गुरगुरतात. हा लांडग्याचा स्वभाव नव्हे, कुंपणाचा परिणाम आहे. आता दहा जणांची टीम घ्या. त्यातल्या एकाला सर्वोत्तम आणि एकाला निकृष्ट ठरवायचंच, असा नियम करा. वर कर्जाचे हप्ते आणि तीन महिन्यांचा नोटीस पीरियड लावा. आणि मग म्हणा, 'स्पर्धा ही निसर्गाचीच देणगी आहे.' सासवड-बारामतीकडच्या माळरानावरचा लांडगा हे ऐकून शेपूट हलवत निघून जाईल. त्याला निघून जाता येतं.

बेडकालाही सोडत नाहीत. पाणी हळूहळू तापवलं तर त्याला कळत नाही आणि तो उकळून मरतो, म्हणून 'बदल वेळीच ओळखा'. फ्रीड्रिश गोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६९ साली हा प्रयोग केला. पाणी २५ अंशांच्या आसपास पोचलं तसा धडधाकट बेडूक बाहेर पडायची धडपड करू लागला. बसून राहिला तो बेडूक, ज्याचा मेंदू आधीच काढलेला होता. तेव्हा कुणी बसून का राहतो, हे विचारायच्या आधी त्याचं आधी काय काय काढून घेतलं होतं, ते विचारावं.

आणि आता मुख्य आरोपी : 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट'. हा शब्दप्रयोग डार्विनचा नाही, हर्बर्ट स्पेन्सरचा आहे, १८६४ चा. डार्विनने तो आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. 'फिट' म्हणजे जिममधला फिट नव्हे. त्या ठिकाणी, त्या वेळी, त्या परिस्थितीत बसणारा, एवढंच. पेपर्ड मॉथ नावाचा पतंग इंग्लंडमधला. फिकट पंखांचा, दगडफुलाने भरलेल्या खोडांवर सहज लपणारा. मग गिरण्यांच्या धुराने खोडं काळी पडली. १८४८ साली मँचेस्टरमध्ये काळ्या रंगाच्या पतंगाची नोंद झाली. १८९५ पर्यंत तिथले जवळपास ९८ टक्के पतंग काळे होते. यालाच अनुकूलन म्हणतात. पण यात एकही पतंग बदलला नाही, हे नीट लक्षात घ्या. कुणी अपस्किलिंग केलं नाही, पहाटे पाचला उठून पंख रंगवले नाहीत. फिकट होते त्यांना पक्ष्यांनी खाल्लं, काळे होते ते उरले. उरलेल्यांचं कर्तृत्व शून्य, गेलेल्यांचा गुन्हाही शून्य. बदललं होतं ते झाड. आणि झाड काही आपोआप बदललं नव्हतं. धुराडं कुणाच्या तरी मालकीचं होतं.

'बाजार बदललाय, तुम्हीही बदला' असं ऐकलं की मला ते धुराडं आठवतं. गोष्टीचा पुढचा भाग तर स्लाइडवर कधीच येत नाही. १९५६ साली ब्रिटनमध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. पुढच्या काही दशकांत धूर ओसरला, खोडं उजळली, फिकट पतंग पुन्हा वाढले. त्यांना वाचवायला कायदा लागला, भाषण नव्हे.

'अरे, रूपक आहे ते, एवढं काय मनावर घेतोस?' असं मित्र म्हणतात. रूपक आहे म्हणूनच मनावर घेतो. रूपक हळूच ठरवून टाकतं, की दोष कुणाचा. गरुडाच्या गोष्टीत कंपनीचा चुकलेला अंदाज नसतो, निम्म्या मनुष्यबळात दामटलेला प्रोजेक्ट नसतो. असते ती फक्त तुमची न तोडलेली चोच. सत्ताविसाव्या वर्षी पाठदुखीच्या गोळ्या घेणाऱ्या मुलाला ही गोष्ट सांगते, की तू अजून पुरेसं सोसलेलं नाहीस. स्वतःला जखमी करून घेण्याला ती तपश्चर्या म्हणते. हे मला भयंकर वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : निसर्ग क्रूर नाही का? आहे. नवा नर सिंह कळपाचा ताबा घेतल्यावर आधीच्या नराचे बछडे मारतो. अबूच्या माकडांमध्ये, म्हणजे हनुमान लंगुरांमध्ये, सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात हेच नोंदवलं. उलट, व्हॅम्पायर वटवाघूळ दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर उपासमारीने मरतं, म्हणून पोट भरून आलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या तोंडातलं रक्त भरवतं. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली ते दाखवून दिलं. तेही केवळ नात्यातल्यांनाच नव्हे, सवयीच्या शेजाऱ्यालाही. मग व्यवस्थापनाने कुणाचा धडा घ्यायचा? सिंहाचा की वटवाघळाचा? निसर्गात सगळंच आहे, त्यामुळे तिथून तुम्ही काय उचलता यावरून निसर्गाबद्दल काही कळत नाही, तुमच्याबद्दल कळतं. रक्त वाटून घेणारं वटवाघूळ आजवर एकाही टाउनहॉलला बोलावलं गेलेलं नाही, यात सगळं आलं.

प्राण्यांचा माझ्याकडून काही अपमान होऊ नये. ते थोर आहेत, पण आपल्यासाठी नाहीत. पट्टकादंब तुम्हाला काही शिकवायला हिमालय ओलांडत नाही. त्याला खायचं असतं. त्याला बघावं, दुर्बिणीतून, गप्प बसून. उजनीचं पाणी, माळरानं शिल्लक राहतील याची काळजी घ्यावी. फार तर एवढं घ्यावं, की जगणं म्हणजे मुख्यतः शक्ती वाचवणं, सोबत धरणं आणि नको ती शर्यत नाकारणं.

बाकीचं आपल्याला माणसांकडून शिकता येईल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि आठवड्याला एक सुट्टी मागितली. गिरणीमालकांनी ती १८९० साली मान्य केली, तोवर कामगार सभा घेत होते, अर्ज करत होते, मागत होते. त्या गिरण्यांनाही धुराडी होती. त्या कामगारांना कुणी चोच तोडायला सांगितलं नसेल असं नाही, पण त्यांनी रविवार मागितला. पुढच्या वेळी स्लाइडवर गरुड आला, की हात वर करा आणि शनिवारच्या कामाचा मोबदला कधी मिळणार, एवढंच विचारा.